पाहुणा आवाज

दिवेलागणीच्या वेळी आपल्या घरात एक परका पुरुष येतो, ही गोष्ट प्रथमेश कणसेला कळली ती सरकारी आकडेवारीतून. शेजाऱ्यानं कान भरले असते, सासूनं टोमणा मारला असता, तर निदान भांडायला समोर कुणीतरी असतं. आकड्यांशी भांडणार काय, कपाळ?

आता ही आकडेवारी कसली, ते आधी सांगायला हवं.

त्या वर्षांत देशभर शिशुसंगोपनाचं मोठं सर्वेक्षण चाललं होतं. पूर्वी अशा सर्वेक्षणाला एक बाई दारात यायची आणि विचारायची, ‘बाळाशी रोज किती वेळ बोलता? गोष्ट सांगता का?’ शेजारीण ऐकतेय म्हटल्यावर दारातली आई ठोकून द्यायची, ‘हो तर, तासभर तरी.’ खरं-खोटं देव जाणे. म्हणून मग वाळा आला. दिसायला बारशाला मामाकडून येतो ना, तसाच. फक्त चांदीऐवजी मऊ रबराचा आणि आत नखाएवढी चकती बसवलेली. पाच वर्षांखालच्या मुलाच्या पायात तो महिनाभर घालायचा. मुलाची नाडी मोजायची आणि त्याच्या कानावर कोणकोणते आवाज पडतात ते टिपायचं, एवढंच त्याचं काम.

टिपायचं म्हणजे बोलणं साठवायचं नाही हं. शब्द ती चकती तिथल्या तिथे पुसून टाकायची. आवाजावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या गळ्याची जी खास धाटणी असते, तीही घासून सपाट करायची. मागे उरायचं ते थोडंच: आवाज जाड की बारीक, बोलणं संथ की घाईचं, माणूस मध्ये किती थांबतो, आणि त्या आवाजानं मुलाची नाडी चढते की उतरते. घरातल्या माणसांना नावं नव्हती. आवाज एक, आवाज दोन, आवाज तीन. ज्या आवाजानं बाळ सगळ्यांत निवांत होतं, त्याला म्हणायचे ‘विसाव्याचा आवाज’. लाखो घरांतली ही माहिती गोळा झाली आणि बाळांसाठी सरकारनं काय करावं, कुठे पाळणाघर काढावं, हे तिच्यावरून ठरायला लागलं.

ही माहिती बघायची तर साताऱ्यात गोडोलीला एक बंद खोली होती. कशासाठी बघायची, कोणता प्रश्न सोडवायचाय, हे आधी पटवून द्यायचं. फोन बाहेर ठेवायचा, पेनसुद्धा बाहेर. आणि शपथ घ्यायची, की मी कुठल्याही घराची ओळख पटवायचा प्रयत्न करणार नाही. त्या खोलीवर पहारा मुजावर मॅडमचा. त्यांनी तपासल्याशिवाय तिथून एक आकडा बाहेर जायचा नाही. प्रथमेश संख्याशास्त्रज्ञ, दिवसभर एका संशोधन संस्थेत नोकरी आणि संध्याकाळी ही खोली. रोज घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असायची.

या खोलीत बसूनच त्यानं एक मोठा शोध लावला होता. घराघरांत राहणाऱ्या माणसांपेक्षा आवाज जास्त निघत होते. घरात आई-वडील दोघंच, आणि वाळा म्हणतोय मोठे आवाज तीन. कुठे चार. प्रथमेशनं त्याला नाव दिलं ‘पाहुणा आवाज’, आणि अर्थ लावला की शेजारीपाजारी येतात, काका-मामा डोकावतात, आपला शेजारधर्म अजून जिवंत आहे. दिल्लीला हे फार आवडलं. आवडणारच, फुकटात होतंय ना! अहवालाच्या मसुद्यात त्यानं एक वाक्यही घातलं: जिथे पाहुणा आवाज जास्त, तिथे नव्या पाळणाघरांची निकड नाही. या वाक्याच्या जोरावर तो विभागप्रमुख होणार, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि अशा ऐन वेळी त्याला दुर्बुद्धी सुचली.

त्याची मुलगी इंदू. नाव पणजीचं, हल्ली तीच फॅशन. इंदूच्याही पायात हिवाळ्यात महिनाभर वाळा होता. तिचा विसाव्याचा आवाज आपलाच असणार, याबद्दल प्रथमेशला तिळमात्र शंका नव्हती. त्याला नुसतं डोळ्यांनी बघायचं होतं. नावगाव पुसलेलं असलं म्हणून काय झालं? इंदू सातव्या महिन्यात जन्मली होती, जेमतेम अकराशे ग्रॅमची. त्या महिन्यात, या विभागात, एवढ्या वजनाची अशी मुलगी असून असून किती असणार? नाव झाकलं तरी जे वेगळं असतं ते लपत नाही. शपथ घ्यायला लावतात ती याचसाठी. मुजावर मॅडम चहाला उठल्या, आणि यानं तीन अटी टाकल्या. पडद्यावर एकच ओळ आली.

आवाज एक: बाईचा, भरभर बोलणारा. ही ऋतुजा, त्याची बायको.

आवाज दोन: पुरुषाचा, घाईचा, थोडाच वेळ. हा आपण.

आवाज तीन: पुरुषाचा. आपल्यापेक्षा जाड आणि संथ. येतो तो दिवेलागणीला, आणि सुट्टीचे दिवस सोडून.

विसाव्याचा आवाज: तीन.

त्यानं पुन्हा बघितलं. कोणता आवाज कोणत्या आवाजावर चढतो, तेही तिथे होतं. घर म्हटलं की माणसं एकमेकांना तोडून बोलतात, दोन आवाज एकमेकांत घुसतात. एक आणि दोन तर सदानकदा घुसलेले. ऋतुजा त्याचं एक वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. पण एक आणि तीन? महिनाभरात एकदाही नाही. तो बोलतो तेव्हा ही गप्प. हिचं संपलं की मग तो.

‘म्हणजे त्याचं ऐकते ती,’ प्रथमेशला वाटलं. ‘माझं कधी ऐकलंय असं? त्याच्यापुढे तोंडातून चकार शब्द काढत नाही!’ आणि त्याच्या पोटात जी आग पडली, ती मुजावर मॅडमनी आणून दिलेल्या चहानं काही विझली नाही.

तो कोण, हे ठरवायला त्याला जिना चढून जाईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. समोरच्या दारात राहणारा अवधूत निकम. एकटा जीव. गावच्या रेडिओवर बोलायचा आणि आवाज असा खर्जातला, की दुधाचा भाव सांगितला तरी बायका कामं टाकून ऐकतील. ऋतुजानं एकदा म्हटलंही होतं, “काय छान बोलतो ना हा!” तेव्हा प्रथमेश हसला होता. आता ते हसणं आठवून त्याला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

“काय कणसे, आज लवकर?” दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात अवधूतनं सहज विचारलं.

“का? अडचण झाली का तुमची?” प्रथमेश म्हणाला. अवधूत बिचारा बघतच राहिला.

कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं, त्यातली गत. ऋतुजा घरून बँकेचं काम करायची. तिनं नवा कुर्ता घातला की याला वाटायचं, हा कुणासाठी? स्वयंपाकघरातला रेडिओ यानं उचलून माळ्यावर टाकला. म्हणे खरखर करतो. अवधूतनं कंदी पेढ्यांचा पुडा दिला, तो यानं सरळ वॉचमनला देऊन टाकला. आणि सगळ्यांत कहर म्हणजे, सकाळी बाथरूमचं दार लावून, तोंडात ज्येष्ठमध धरून, हा गडी जाड आवाज काढायचा सराव करायला लागला.

“सर्दी झालीये का रे तुला?” ऋतुजानं बाहेरून विचारलं.

“नाही,” प्रथमेश खर्जात म्हणाला आणि त्याला ठसका लागला.

बायकोपेक्षाही जास्त जळायचा तो इंदूसाठी. बायकोच्या मनात दुसरा कुणी असेल, तर ते दुःख निदान जगाच्या ओळखीचं आहे. चार लोक हळहळतील तरी. पण साडेतीन वर्षांची आपली पोरगी, जिचं बोट धरून आपण तिला चालायला शिकवलं, तिची नाडी परक्याच्या आवाजानं शांत होते आणि आपल्या आवाजानं होत नाही, हे कुणाला सांगायचं? त्यानं इंदूला मांडीवर घेतलं. “बाबा आवडतो ना तुला? कोण जास्त आवडतं? सांग. सांग ना.” एका दमात त्यानं दोन प्रश्न विचारले. इंदूनं त्याच्या चष्म्याला बोटं लावली आणि उतरून निघून गेली.

मग एक दिवस तो न सांगता दिवेलागणीला घरी येऊन थडकला. दार ऋतुजानं उघडलं. आत ती आणि इंदू, दोघीच. त्यानं चप्पल काढता काढता गॅलरीसुद्धा बघून घेतली. कुणी नाही. इंदू किरकिरत होती, संध्याकाळी मुलं किरकिरतात तशी. ती आईच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, “आज तो नाही येणार?”

ऋतुजानं चटकन प्रथमेशकडे बघितलं. ती लाजली. अगदी कानापर्यंत लाल झाली.

“उद्या येईल हं,” ती इंदूच्या कानात पुटपुटली.

आता आणखी काय पुरावा हवा? विचारावं, तर तुला कसं कळलं म्हणेल, आणि शपथ मोडल्याचं उघड होईल. दोन-तीन दिवस त्यानं ते पोटात ठेवलं. जेवण जाईना. आणि मग रविवारी दुपारी, भाजी अळणी झालीये एवढ्याशा बोलण्यावरून, सगळं बाहेर पडलं.

“मीठ कसं लक्षात राहील? लक्ष दुसरीकडे ना!” प्रथमेश ताट सरकवून ओरडला. “अवधूत येतो ना रोज? मी नसताना? तो बोलतो आणि तू ऐकत बसतेस ना?”

ऋतुजाच्या हातातला डाव तसाच राहिला. “अवधूत? इथे? कधी?”

“संध्याकाळी! सातच्या सुमाराला!”

“अरे, सातला तो रेडिओवर बातम्या देत असतो,” ऋतुजा म्हणाली. “अख्खा सातारा ऐकतो त्याला. तूच तो रेडिओ माळ्यावर टाकलास.”

एवढा मोठा संख्याशास्त्रज्ञ, आणि हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पण संशयाचं भूत एका फटक्यात उतरत नाही. “मग तो आवाज तीन कोण? पुरुषाचा आवाज आहे! इंदू त्याच्यानंच शांत होते!”

झालं. बोलून गेला तो.

“आवाज तीन?” ऋतुजा हळूहळू म्हणाली. “तू इंदूचा वाळा उघडून बघितलास? माझ्या घरातलं बोलणं? वाळ्याच्या कागदावर मी सही करत नव्हते, तेव्हा तूच शपथेवर सांगितलंस ना, कुणी बघूच शकत नाही म्हणून?”

“शब्द नसतात गं त्यात, नुसते...”

“शब्द नसतात म्हणूनच तुला हवे ते घातलेस तू त्यात!”

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. रडली नाही, संतापली होती ती. आवाज चढल्यामुळे इंदू आतून बाहुली ओढत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

“इंदू,” प्रथमेश खाली वाकला. लाज सोडून त्यानं पोरीलाच विचारलं. “संध्याकाळी कोण येतं गं आपल्याकडे?”

“बाबा,” इंदू म्हणाली.

“मी नाही गं. दुसरं कोण येतं?”

“संध्याकाळचा बाबा,” इंदू म्हणाली आणि आईकडे बोट दाखवलं. “आई होते.”

ऋतुजानं डाव ओट्यावर ठेवला आणि तोंड फिरवलं.

“तिन्हीसांजेला तुझी आठवण काढून रडायची ती,” ऋतुजा भिंतीकडे बघत म्हणाली. “आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून किती दिवस सांगणार? एक दिवस मी जाड आवाज काढला. बाबा आलाय म्हटलं. ती हसायला लागली. मग रोजचंच झालं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? तू नसतोस म्हणून मी तू होते, हे सांगू? तू त्याचा टोमणा करून घेतला असतास.”

एक आणि तीन महिनाभरात एकमेकांवर कधीच का चढले नाहीत, ते आता त्याला कळलं. एका गळ्यातून दोन आवाज एकाच वेळी कसे निघतील? गळ्याची धाटणी वाळ्यानं पुसलेली. त्याला बारीक बोलणारी ऋतुजा ही एक आणि जाड बोलणारी ऋतुजा हा दुसराच कुणी वाटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“करून दाखव ना,” प्रथमेश म्हणाला.

“तुझ्यासमोर? वेड लागलंय?” पण इंदूनं बाहुली टाकून तिचा हात ओढला, तेव्हा ती खाली बसली. डोळे मिटून घेतले. आणि त्याला आपल्या बायकोच्या तोंडून एक संथ, भरदार पुरुष ऐकू आला.

“काय इंदूराणी... आज काय काय केलं?”

आणि तो पुरुष थांबला. चांगला थांबला. इंदू वर बघत विचार करत राहिली तरी त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. मग इंदू सुरू झाली: मांजरीनं दूध सांडलं, मग ती टेबलाखाली गेली, मग मी पण गेले, मग तिथे अंधार होता. प्रथमेशनं यातलं अक्षरही कधी ऐकलं नव्हतं.

“मी असा नाही बोलत,” तो कसाबसा म्हणाला.

“बोलायचास,” ऋतुजा आपल्या आवाजात म्हणाली. “काचेच्या पेटीत होती ना ही, तेव्हा. नर्स म्हणाली होती, एक वाक्य बोला आणि थांबा, ती उत्तर देते. तू हात आत घालून बसायचास. एवढंसं बोट हलेपर्यंत वाट बघायचास रे. मी तोच बाबा करते. दुसरा कुठून आणू?”

प्रथमेशला ते आठवलं आणि त्याला भडभडून आलं. तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. ऋतुजानं त्याला उठवलं नाही. तिचा राग गेला नव्हता, आणि तो जाणारही नव्हता एवढ्यात.

पण रडता रडताच त्याच्या मनात ते वाक्य आलं. जिथे पाहुणा आवाज जास्त, तिथे पाळणाघरांची निकड नाही. आपल्या घरचा पाहुणा तर असा निघाला. मग बाकीच्या घरांतले?

हे तपासायचं, तर आपल्याला कसं सुचलं ते सांगावं लागणार. गप्प बसलो तर विभागप्रमुख. वाक्य छापून येईल, कुणाला कळणारही नाही. रात्रभर त्याच्या मनात हेच उलटसुलट चाललं. सकाळी उठून तो मुजावर मॅडमपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं, ज्येष्ठमधासकट.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “म्हणजे शपथ मोडलीत, कणसे. तुमचा प्रवेश मला बंदच करावा लागेल. वर कळवावंही लागेल.”

“कळवा, मॅडम. पण एकदा बघा. पाहुणा आवाज आईच्या आवाजावर कधी चढतो का, एवढंच बघा.”

त्याच्या हातात चहा देऊन, त्याला बाहेरच्या बाकावर बसवून त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा चहा गार झाला होता. त्यांनी आकडे सांगितले नाहीत. त्याला सांगायचा आता नियमच नव्हता. पण त्या त्याच्याशेजारी बाकावर बसल्या.

“शेजारधर्म कसला हो,” मॅडम म्हणाल्या. “घरात माणूस नव्हतं, म्हणून त्या बाया एकट्याच चार माणसं होत होत्या. आणि आपण लिहीत होतो की यांच्याकडे पाहुणे फार, पाळणाघर नको. ते वाक्य मी जाऊ देणार नाही.”

वाक्य अहवालातून गळलं. त्याच्याबरोबर विभागप्रमुखाची खुर्चीही गेली आणि गोडोलीच्या खोलीचं दार त्याला कायमचं बंद झालं. अवधूतला त्यानं स्वतः जाऊन पेढे दिले. का ते सांगितलं नाही, आणि अवधूतनं विचारलंही नाही. रेडिओ माळ्यावरून खाली आला.

आता प्रथमेश दिवेलागणीला घरी असतो. पहिल्याच दिवशी हातपाय धुऊन, देवापाशी दिवा लावून, तो इंदूसमोर मांडी घालून बसला. घसा साफ केला. ऋतुजा दारात उभी होती. अजूनही ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

“काय इंदूराणी,” तो शक्य तितक्या जाड आवाजात म्हणाला. “आज काय काय केलं?” आणि जीभ दाताखाली धरून थांबला.

इंदूनं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग मान हलवली.

“असं नाही. बाबा असं नाही बोलत.” तिनं दाराकडे हात पसरले. “आई, तू हो ना!”

ऋतुजा जागची हलली नाही. प्रथमेशला त्या संध्याकाळच्या बाबाचा असा हेवा वाटला, असा जळफळाट झाला, की तसा अवधूतमुळेही कधी झाला नव्हता. तोंड एवढंसं झालं त्याचं. ते बघून इंदूला दया आली असावी. तिनं आपली छोटी उशी त्याच्याकडे सरकवली.

“बाबा, तू इथे बस,” ती म्हणाली. “बाबा आला की तुला पण गोष्ट सांगेल.”

प्रथमेश उशी मांडीवर घेऊन बसला. जळत होताच, पण बसला.